यूएसबी हेडसेटच्या मायक्रोफोनचा फाटका आवाज : लिनक्सवरील तपासाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

प्रकल्प वाचनाच्या ध्वनिमुद्रणाचा आहे. एका वाचकाने मजकूर वाचायचा, तो लिनक्स संगणकावर मुद्रित करायचा आणि नंतर वाक्यावाक्याने तोडून ध्वनिसंच तयार करायचा, असे कामाचे स्वरूप आहे. यासाठी घेतलेल्या यूएसबी हेडसेटचे इअरफोन व्यवस्थित वाजतात, परंतु त्याच्या मायक्रोफोनमधून येणारा आवाज जोरकस अक्षरांवर फाटतो आणि अधूनमधून त्यात बारीक टकटक ऐकू येते. हाच हेडसेट दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर टकटक नाहीशी होते आणि फाटणे मात्र काही प्रमाणात राहते. यावरून दोष एकच आहे असे गृहीत धरणे योग्य होणार नाही. दोन स्वतंत्र दोष एकमेकांवर चढलेले असण्याची शक्यता अधिक वाटते.

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी चाचणीची पद्धत ठरवून घेतली. 'धबधब्याखाली भिजलेल्या भिंतीवर ठिणगी फुटली' हे वाक्य दर वेळी त्याच अंतरावरून, त्याच जोराने आणि आधी दहा सेकंद शांत राहून वाचायचे आहे. वाक्यात ध, भ, ठ, फ असे महाप्राण वर्ण मुद्दाम घेतले आहेत, कारण मायक्रोफोनवर हवेचा धक्का आणि ध्वनीची उंच शिखरे याच वर्णांमुळे येतात. प्रत्येक मुद्रण स्वतंत्र फाइलमध्ये ठेवायचे, फाइलच्या नावात तारीख आणि बदललेली एकच गोष्ट लिहायची, आणि एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, हे नियम आजपासून लागू केले.

४ फेब्रुवारी

आज फक्त माहिती गोळा केली. जोडलेली यूएसबी यंत्रे दाखवणाऱ्या 'एलएसयूएसबी' या आज्ञेचा वृक्षरूपातील निकाल पाहता हेडसेट १२ मेगाबिटच्या फुल-स्पीड गतीने जोडलेला असून कर्नेलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) 'एसएनडी-यूएसबी-ऑडिओ' हा ड्रायव्हर त्याला हाताळत आहे. हेडसेट थेट संगणकाला जोडलेला नसून ४८० मेगाबिटच्या हबमधून जातो. त्याच हबवर कीबोर्ड, माउस आणि एक यूएसबी स्पीकरही आहे.

कर्नेल आपली माहिती जेथे मांडतो त्या प्रॉक फाइलप्रणालीत 'असाउंड' या फोल्डरखाली प्रत्येक साउंड कार्डाची माहिती असते. तेथील 'स्ट्रीम०' ही फाइल यूएसबी ध्वनियंत्रांच्या बाबतीत फार उपयोगी पडते, कारण यंत्र स्वतः काय देऊ शकते हे तीत मधल्या कोणत्याही थराचा रंग न चढता दिसते. आपल्या हेडसेटचा मायक्रोफोन एका चॅनेलचा, १६ बिटांचा असून ४४,१०० आणि ४८,००० हर्ट्झ असे दोन सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मोजमापे, म्हणजे सॅम्पल, घेतली जातात तो दर) तो देतो. फुल-स्पीड यूएसबीवर ध्वनीचे एक पॅकेट दर १ मिलिसेकंदाला येते. म्हणजे ४८,००० हर्ट्झवर प्रत्येक पॅकेटात ४८ सॅम्पल, अर्थात ९६ बाइट, असायला हवेत. हे आकडे पुढील तपासात लागतील म्हणून येथे नोंदवून ठेवत आहे.

कर्नेलच्या नोंदींत हेडसेट जोडताच 'कॅनॉट गेट फ्रीक्वेन्सी' अशा अर्थाची एक तक्रार दिसते. यंत्राला त्याचा सध्याचा सॅम्पल रेट विचारला असता ते उत्तर देत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. अनेक स्वस्त यंत्रे असेच वागतात आणि तरीही योग्य दराने मुद्रण करतात. मुद्रण चालू असताना 'स्ट्रीम०' मधील क्षणिक वारंवारता ४८,००० च्या आसपास स्थिर दिसली, त्यामुळे या तक्रारीला सध्या महत्त्व देत नाही.

६ फेब्रुवारी

आवाज बिघडतो तो नेमका कोणत्या थरात, हे ठरवण्यासाठी मधले थर बाजूला काढणे आवश्यक होते. सध्याच्या लिनक्समध्ये हेडसेटकडून येणारा आवाज प्रथम कर्नेलच्या अल्सा प्रणालीत, तेथून पाइपवायर या ध्वनिसेवेमध्ये आणि शेवटी मुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये जातो. पाइपवायर, त्याचा पल्स-सुसंगत भाग (पल्सऑडिओ या जुन्या ध्वनिसेवेसाठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवणारा) आणि पाइपवायरमधील यंत्रांची व्यवस्था पाहणारा वायरप्लंबर या तिन्ही सेवा त्यांच्या सॉकेटांसह तात्पुरत्या बंद केल्या. सॉकेट चालू राहिले तर पहिला प्रोग्रॅम उघडताच सेवा पुन्हा जाग्या होतात, हे येथे लक्षात ठेवावे लागते. त्यानंतर अल्साच्या 'आरेकॉर्ड' या मुद्रणाच्या आज्ञेने 'एचडब्ल्यू' हे यंत्रनाम देऊन थेट मुद्रण केले. 'प्लगएचडब्ल्यू' हे नाव दिल्यास अल्सा न विचारता सॅम्पल रेट किंवा चॅनेल बदलून देते, आणि मग जे मोजायचे तेच झाकले जाते. म्हणून तपासात ते वापरायचे नाही.

निकाल स्पष्ट आहे. थेट मुद्रणातही टकटक आहे आणि फाटणेही आहे. याचा अर्थ पाइपवायर या दोन्हींचे मूळ नाही. असे प्रश्न विचारले की पाइपवायरचा क्वांटम (एका फेरीत हाताळायच्या सॅम्पलांची संख्या) वाढवा किंवा पल्सऑडिओचा वेळापत्रकाचा पर्याय बंद करा, असे सल्ले सर्वप्रथम मिळतात. त्यांतील दुसऱ्या पर्यायाला तर पाइपवायरवर चालणाऱ्या संगणकात अर्थच उरत नाही. थेट मुद्रणाची ही चाचणी काही मिनिटांत होते आणि त्या सगळ्या सल्ल्यांची छाननी आधीच करून टाकते.

टकटकीचे स्वरूप समजण्यासाठी मायक्रोफोनसमोर स्थिर सूर वाजवून मुद्रण केले. सुराची निवड येथे महत्त्वाची आहे. चाचणीसाठी सहसा १,००० हर्ट्झचा सूर घेतला जातो, परंतु ४८,००० हर्ट्झवर त्याचे एक आवर्तन बरोबर ४८ सॅम्पलांचे, म्हणजे नेमके एका पॅकेटाएवढे होते. एखादे पॅकेट संपूर्ण गहाळ झाले तरी एक पूर्ण आवर्तन नाहीसे होऊन उरलेली दोन टोके तंतोतंत जुळतील आणि आलेखात काहीच दिसणार नाही. म्हणून ४४० हर्ट्झचा सूर घेतला. त्याचे आवर्तन सुमारे १०९ सॅम्पलांचे असल्याने एक पॅकेट गेल्यास सुमारे ०.४४ आवर्तन तुटते आणि लहर जवळजवळ उलट्या बाजूला उडी मारते.

आलेख मोठा करून पाहिल्यावर अशा उड्या सापडल्या. लहर शून्यावर थांबत नाही किंवा सपाट होत नाही. कात्रीने पट्टी कापून दोन टोके पुन्हा चिकटवावीत तशी ती एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर जाते. उड्यांच्या अलीकडचा आणि पलीकडचा सूर एकमेकांवर बसवून पाहता मधून गळालेली लांबी ४८ सॅम्पलांची भरली, एके ठिकाणी ९६ ची. टकटक म्हणजे गहाळ झालेली यूएसबी पॅकेटे, हे आता निश्चित म्हणता येईल.

७ फेब्रुवारी

यूएसबीवर ध्वनी आयसोक्रोनस पद्धतीने जातो. या पद्धतीत वेळेवर जागा मिळण्याची हमी असते, पण चुकलेले पॅकेट पुन्हा मागवण्याची सोय नसते. फाइल कॉपी करताना चुकलेला भाग पुन्हा पाठवला जातो आणि वापरणाऱ्याला कळतही नाही. ध्वनीत मात्र गेलेले पॅकेट कायमचे जाते.

हेडसेट हबवरून काढून थेट संगणकाच्या पोर्टला जोडला आणि त्याच सुराचे दीर्घ मुद्रण केले. एकही उडी आढळली नाही. परत हबवर जोडल्यावर उड्या परतल्या, आणि त्याच हबवरील यूएसबी स्पीकरवर काही वाजवत ठेवल्यावर त्या स्पष्टपणे वाढल्या.

बँडविड्थ अपुरी पडते असे म्हणता येणार नाही. मायक्रोफोनला सेकंदाला ०.७६८ मेगाबिट आणि दोन चॅनेलच्या स्पीकरला १.५३६ मेगाबिट लागतात, ही बेरीज १२ मेगाबिटच्या जवळपासही जात नाही. अडचण वेळेच्या शिस्तीची आहे. हाय-स्पीड हबमध्ये फुल-स्पीड यंत्रांसाठी ट्रान्झॅक्शन ट्रान्सलेटर नावाचा दुभाषा असतो. संगणक त्याला १२५ मायक्रोसेकंदांच्या एका सूक्ष्म चौकटीत पॅकेट मागवण्याची सूचना देतो आणि पुढच्या चौकटींत येऊन ते घेऊन जातो. ठरलेल्या चौकटीत घेणे राहून गेले तर पॅकेट टाकून दिले जाते. 'एलएसयूएसबी' च्या सविस्तर निकालात आपल्या हबसमोर 'सिंगल टीटी' असे लिहिलेले आहे, म्हणजे सर्व पोर्टांना मिळून एकच ट्रान्सलेटर आहे. काही हबांत प्रत्येक पोर्टाला स्वतंत्र ट्रान्सलेटर असतो आणि तेथे तशी नोंद दिसते.

हेडसेट यापुढे थेट पोर्टलाच राहील. हब दुरुस्त करण्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

१० फेब्रुवारी

आता फाटण्याकडे वळलो. थेट पोर्टवर चाचणीचे वाक्य मुद्रित करून 'भिंतीवर' या शब्दातील 'भि' चा स्वर मोठा करून पाहिला. लहरीची शिखरे गोल असण्याऐवजी वरून खरडल्यासारखी सपाट होती, आणि सलग सात-आठ सॅम्पल ३२,७६७ या एकाच आकड्यावर अडकलेले होते. १६ बिटांच्या मुद्रणात याहून मोठी किंमत लिहिताच येत नाही. हे सरळ क्लिपिंग, म्हणजे शिखरे मर्यादेवर कापली जाणे, आहे.

यात एक बारकावा आहे आणि त्यावरच उपाय अवलंबून असतो. क्लिपिंग अॅनालॉग बाजूस, म्हणजे मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या प्रीअँपमध्ये, झालेले असू शकते, डिजिटल रूपांतर करताना झालेले असू शकते, किंवा नंतर सॉफ्टवेअरने आवाज वाढवल्यामुळेही होऊ शकते. आवाजाची पातळी कमी करणारा सरकता दांडा क्लिपिंगच्या जागेनंतर काम करत असेल, तर तो खाली आणल्याने सपाट शिखरे फक्त बुटकी होतात, गोल होत नाहीत. आवाज लहान होतो आणि फाटलेलाच राहतो. 'पातळी कमी करून पाहिली, उपयोग नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

म्हणून दांडा पायरीपायरीने खाली आणत प्रत्येक पायरीवर शिखरांचा आकार पाहिला. अल्साच्या पातळ्या दाखवणाऱ्या 'एमिक्सर' या आज्ञेच्या निकालानुसार आपल्या हेडसेटच्या मायक्रोफोनला ० ते ३५ अशा पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरी १ डेसिबलची आहे आणि एकूण आवाका उणे १२ ते अधिक २३ डेसिबल असा आहे. दांडा ३५ वर, म्हणजे अगदी वर, होता. तो खाली आणताना सपाट भाग प्रथम अरुंद झाला, नंतर एखाद-दोन सॅम्पलांपुरता उरला, आणि अधिक १७ डेसिबलच्या खाली गेल्यावर शिखरे पूर्ण गोल झाली. ती केवळ बुटकी न होता गोल झाली, यावरून हा दांडा डिजिटल रूपांतराच्या आधी गेन (संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) बदलतो असा निष्कर्ष निघतो. क्लिपिंग प्रीअँपच्या पोटात होत असते तर येथे हेडसेट बदलण्यावाचून मार्ग उरला नसता.

अधिक ८ डेसिबलवर सर्वांत मोठे शिखर सुमारे ११,६०० पर्यंत, म्हणजे कमाल मर्यादेच्या ९ डेसिबल खाली, राहते. वाचक एखादे वाक्य आवेशाने वाचू लागला तरी एवढी मोकळी जागा पुरते, आणि पार्श्वभूमीची सरसरही फारशी वर येत नाही. ही पातळी कायम केली.

११ फेब्रुवारी

पातळी योग्य असूनही दहा सेकंदांच्या शांततेनंतरचे पहिले 'ध' हे अक्षर चिरडलेले येते आणि 'धबधब्याखाली' या शब्दाचा उत्तरार्ध व्यवस्थित येतो. शांततेच्या त्या दहा सेकंदांत सरसर हळूहळू वर चढताना आलेखातही दिसते.

'अल्सामिक्सर' मध्ये यंत्र निवडल्यावर 'ऑटो गेन कंट्रोल' नावाची कळ दिसली. ती चालू होती. हे हेडसेटच्या चिपमधील स्वयंचलित गेन नियंत्रण आहे. शांतता असताना ते गेन वाढवत नेते आणि बोलणे सुरू होताच खाली आणते, पण खाली आणेपर्यंत पहिले अक्षर बळी जाते. मुद्रणाच्या कामात अशा सोयीचा उपद्रवच अधिक. वाक्यावाक्याची पातळी वेगवेगळी येत राहिली तर संच जुळवताना पुढे फार त्रास होतो. कळ बंद केल्यावर पहिले अक्षर आणि शेवटचे अक्षर सारख्याच पातळीवर आले. ही कळ डेस्कटॉपच्या ध्वनी सेटिंगमध्ये दिसत नाही, ती फक्त अल्साच्या पातळीवरच सापडते.

४४,१०० हर्ट्झवरही एक मुद्रण करून पाहिले. या दराला १,००० ने भाग जात नसल्यामुळे बहुतेक पॅकेटांत ४४ आणि सरासरी राखण्यासाठी दर दहाव्या पॅकेटात ४५ सॅम्पल यावे लागतात, आणि काही यंत्रे येथे अडखळतात. आपल्या हेडसेटमध्ये फरक आढळला नाही. हा मुद्दा बंद.

१२ फेब्रुवारी

पाइपवायर पुन्हा चालू केला. पाइपवायरचे काम दाखवणाऱ्या 'पीडब्ल्यू-टॉप' मध्ये मुद्रण चालू असताना क्वांटम १,०२४ आणि दर ४८,००० दिसतो, म्हणजे एका फेरीला सुमारे २१.३ मिलिसेकंद मिळतात. चुकांचा रकाना मुद्रणभर शून्यावर राहिला, त्यामुळे क्वांटमला हात लावलेला नाही.

टक्क्यांचा हिशेब मात्र समजून घेण्यासारखा आहे. डेस्कटॉपवर दिसणारे १०० टक्के म्हणजे यंत्राच्या दांड्याची कमाल, आपल्या बाबतीत अधिक २३ डेसिबल. टक्के आणि डेसिबल यांचा संबंध घनाच्या नियमाने जातो (आवाजाची पट टक्क्यांच्या घनाप्रमाणे बदलते), म्हणून कमालीपेक्षा १५ डेसिबल खाली असलेली आपली पातळी ५६ टक्क्यांच्या आसपास पडते. ज्याला ५६ टक्के कमी वाटतात तो सहज १०० वर नेईल आणि क्लिपिंग परत आणेल. १०० च्या पुढे तर यंत्राचा दांडा संपलेला असतो आणि सॉफ्टवेअर आकडे गुणू लागते. १५० टक्क्यांना ही वाढ सुमारे १०.६ डेसिबलची होते. वाचकाला दाखवण्यासाठीच्या कागदावर 'मायक्रोफोन ५६ टक्के, वाढवू नये' असे लिहून ठेवले.

१४ फेब्रुवारी

सकाळच्या मुद्रणात आवाज पुन्हा फाटला. पातळी १०० टक्क्यांवर होती आणि ती कोणी हाताने बदललेली नव्हती. दरम्यान ब्राउझरमधून एक ऑनलाइन बैठक झाली होती, एवढाच धागा हाती होता.

ध्वनिसेवा हाताळणाऱ्या 'पीएसीटीएल' या आज्ञेच्या 'सबस्क्राइब' या उपआज्ञेने ध्वनिप्रणालीतील प्रत्येक बदल घडताक्षणी ओळीने दिसतो. ती एका खिडकीत चालू ठेवून दुसरीकडे बैठकीचे पान उघडले आणि थोडे हळू बोललो. सोर्समध्ये (येथे मायक्रोफोनमध्ये) बदल झाल्याच्या ओळी एकामागून एक येऊ लागल्या आणि पातळी ५६ वरून चढत गेली. ब्राउझरमधील वेबआरटीसी या ध्वनियंत्रणेत स्वतःचे स्वयंचलित गेन नियंत्रण असते, आणि परवानगी असल्यास ते केवळ आपल्या प्रवाहाची नव्हे तर सबंध मायक्रोफोनची पातळी हलवते. बैठक संपल्यावर ती पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, उलट वायरप्लंबर ती चढलेली पातळीच प्रामाणिकपणे लक्षात ठेवतो.

पाइपवायरच्या पल्स-सुसंगत भागात यावर नेमका उपाय आहे. त्याच्या नियमांत प्रोग्रॅमच्या नावावरून 'ब्लॉक-सोर्स-व्हॉल्यूम' ही बंदी लावता येते, आणि मग तो प्रोग्रॅम मायक्रोफोन ऐकू शकतो पण त्याची पातळी बदलू शकत नाही. मूळ फाइलमध्ये बदल न करता वापरकर्त्याच्या कॉन्फिगरेशन फोल्डरमध्ये वेगळी छोटी फाइल ठेवून ब्राउझरच्या प्रक्रियेच्या नावावर हा नियम लावला आणि सेवा पुन्हा सुरू केली. त्याच पानावर तीच चाचणी केली असता पातळी ५६ टक्क्यांवरून हलली नाही.

१७ फेब्रुवारी

दोन किरकोळ गोष्टी उरल्या होत्या. बराच वेळ न वापरल्यानंतर पहिल्या मुद्रणाच्या आरंभी एक ठोका येतो. वायरप्लंबर ५ सेकंद निष्क्रिय राहिलेला स्रोत बंद करतो, आणि पुन्हा उघडताना मायक्रोफोनचा विद्युतदाब स्थिरावेपर्यंत हा ठोका उमटतो. फक्त या हेडसेटसाठी ती मुदत शून्य केली, म्हणजे तो बंदच होत नाही. मेजावरील संगणकात याने काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची नाही. 'फुटली' मधील 'फु' वर अजूनही धप् असा आवाज येतो, पण आलेखात तेथे क्लिपिंग नसून अतिशय मंद, रुंद लहर आहे. तोंडातून निघणारा हवेचा झोत थेट मायक्रोफोनच्या आतल्या पडद्यावर आदळतो. मायक्रोफोनची दांडी ओठांसमोरून काढून तोंडाच्या कोपऱ्याकडे दोन बोटे बाजूला वळवली आणि त्यावर फोमची टोपी चढवली. लहर जवळजवळ नाहीशी झाली. हे काम फिल्टर लावून करण्याचा मोह टाळला, कारण खालच्या पट्टीचे स्वर कापले की पुरुषी आवाजाचा भरदारपणाही त्यांच्यासोबत जातो.

१९ फेब्रुवारी

केलेले बदल टिकतात की नाही, हे संगणक बंद-चालू करून आणि हेडसेट काढून-जोडून तपासले. मायक्रोफोनची पातळी वायरप्लंबर आपल्या नोंदींतून परत आणतो. ऑटो गेन कंट्रोलची कळ मात्र त्याच्या अखत्यारीत येत नाही. ती अल्साच्या 'अल्सासीटीएल' या आज्ञेने साठवावी लागते, आणि यंत्र जोडले जाताच यूडेव्हच्या (यंत्रे जोडल्याची दखल घेणाऱ्या सेवेच्या) नियमाद्वारे ती पुन्हा लागू होते. दोन्ही ठिकाणची स्थिती अपेक्षेप्रमाणे परतली.

मुद्रणाच्या स्क्रिप्टमध्ये कार्डाचा क्रमांक होता, तो काढून कार्डाचे नाव घातले. यंत्रे जोडण्याचा क्रम बदलला की क्रमांक बदलतात, आणि एखाद्या दिवशी स्क्रिप्ट दुसऱ्याच मायक्रोफोनवरून मुद्रण करू लागेल. याच स्क्रिप्टमध्ये मुद्रण संपताच कमाल सॅम्पल तपासण्याची एक ओळ जोडली आहे. तो ३२,००० च्या वर गेला तर फाइल संचात न टाकता वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि ते वाक्य पुन्हा वाचले जाते.

कर्नेलमधील सॅम्पल रेटची तक्रार तशीच आहे. ड्रायव्हरच्या 'क्वर्क फ्लॅग्ज' या पर्यायाने ती विचारणा टाळता येते, पण त्याने आवाजात काही फरक पडणार नाही, म्हणून तो लावलेला नाही. वाचनाचे नियमित मुद्रण उद्यापासून सुरू होईल.